गॉज सुटेपर्यंत

२ सप्टेंबर

जखम रोज कशी दिसते ते लिहून ठेवा, असं दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं आहे. विचारलं की माणसं नुसतं ‘बरी आहे’ म्हणतात, त्याचा तिला राग. म्हणून दुकानातली मापांची जुनी वही उलटी करून मागून लिहायला घेतली. पुढून छाती, कंबर, बाही. मागून पू.

तर जखम. दादांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, बसायच्या जागेला गळू झालं. दादा आमच्या चर्चच्या मंडळीतले उपदेशक. पाळक गावाला गेले की व्यासपीठ यांचंच. एवढा मोठा माणूस असल्या जागेचं दुखणं सांगणार कसा? ताप चढून डोळे फिरेपर्यंत मूग गिळून बसले. अंगात साखर आहेच. डॉक्टरांनी कापून आतलं सगळं काढलं आणि भोक तसंच उघडं ठेवून दिलं.

मी विचारलं, “टाके?”

“टाके घालायचे नाहीत. ही तळापासून भरत वर येईल. वरून आधी मिटली तर आत पुन्हा पू होईल.”

माझा उभा जन्म शिवणकामात गेला. उघडं ठेवून नीट झालेलं काही मी आजवर पाहिलेलं नाही.

दादांनी लग्न केलं नाही, आणि माझी बायको राहिली नाही. घरात आम्ही दोघेच, म्हणजे हे काम माझ्याच गळ्यात. सिस्टरने एकदा करून दाखवलं. जुनी गॉजची पट्टी काढायची, आतून धुवायचं, नवी पट्टी सलाइनमध्ये भिजवून चिमट्याने तळापर्यंत भरायची. पण जुनी काढण्याआधी तिच्यावर सलाइन ओतून थांबायचं. कोरडी ओढली तर नवीन आलेलं मांस तिच्याबरोबर निघून येतं.

“किती वेळ थांबायचं?”

“सुटेपर्यंत.”

“म्हणजे साधारण?”

“सुटेपर्यंत,” ती म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

मला तिथंच ओकारी आली. लाल, ओलं, आणि वर तो वास. घरी येऊन चहा केला तर चहालाही तोच वास.

३ सप्टेंबर

आज पहिल्यांदा एकट्याने केलं. दुकान उघडायची घाई होती, एक गिऱ्हाईक सकाळीच पँट न्यायला येणार होतं. सलाइन ओतलं, थोडा थांबलो, ओढली. दादांनी उशी दातांत धरली. पट्टीला रक्त आणि लालसर तंतू चिकटून आले. सिस्टर म्हणाली होती ते हेच असावं.

दादा म्हणाले, “झालं का?”

मी म्हटलं, “झालं.”

काय झालं ते त्यांना दिसत नाही हे बरं आहे. गिऱ्हाईक आलंच नाही.

५ सप्टेंबर

मंडळीतले लोक भेटायला आले. पुढे आमेनबाई. हे नाव मी ठेवलेलं. दुसऱ्याची प्रार्थना संपायच्या आत ती आमेन म्हणून मोकळी होते. दादा पालथे, अंगावर चादर.

“काय झालं हो दादा एकाएकी?”

“पाठीला गळू आलं,” दादा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग सगळ्यांनी मिळून त्यांच्या पाठीवर हात ठेवले. पाठीसाठी, कण्यासाठी, दोन्ही खांद्यांसाठी जोरदार प्रार्थना झाली. आमेनबाईने मानेलाही सोडलं नाही. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. देवाला पत्ताच चुकीचा दिलाय, पत्र पोचायचं कसं?

निघताना दारात आमेनबाई मला म्हणाली, “भाऊ, परमेश्वराची वाट पाहा. तो वेळेवर येतो.”

अंगाचा तिळपापड झाला. ही, म्हणजे माझी बायको, आजारी होती तेव्हा हेच लोक याच खोलीत, याच खुर्च्यांवर बसून हेच बोलले होते, आणि सगळ्यांच्या पुढे दादा. वाट पाहा. मी पाहिली. ती गेली. पुरून आलो त्यानंतर मी मंडळीत पाऊल टाकलेलं नाही. दादांशी त्यावर एक शब्द बोललो नाही, तेही बोलले नाहीत. पुवाची किळस येते ती हात धुतले की कमी होते. या दोन शब्दांची शिसारी इतकी वर्षं गेली तरी जात नाही.

सिस्टरसाठी: पू आहे. वास आहे. तळ दिसत नाही.

८ सप्टेंबर

रविवार. दुकान बंद, म्हणून आज घाई नव्हती. सलाइन ओतलं तसे दादा बाबांची प्रार्थना म्हणायला लागले. बाबाही शिंपी. दुकान बंद करताना ते रोज हीच म्हणायचे, आम्ही दोघं त्यांच्या मागे उभे.

“हे बापा, दिवस तुझा आहे. आमचे हात तुझे आहेत. घरात आहेत त्यांना सांभाळ. घराबाहेर आहेत त्यांना परत आण. पुढे गेले ते तुझ्यापाशी सुखरूप आहेत. आमचं जे अर्धं राहिलं ते तुझ्याकडे ठेवतो. आमेन.”

दादा ती फार सावकाश म्हणतात, एकेक वाक्य चघळत. मी चिमटा हातात धरून उभा. एकीकडे ती जखम आणि एकीकडे हे पवित्र बोलणं. हसावं की ओकावं कळेना. पण आमेन झाल्यावर पट्टीचं टोक धरलं तर ती आपोआप सरकत आली. रक्त नाही. दादांनी हूं की चूं केलं नाही.

प्रार्थनेचा संबंध नाही. तेवढा वेळ लागतो एवढंच. आता घड्याळ बघायला नको.

१४ सप्टेंबर

पू कमी. वास तोच. भांड्यातलं पाणी ओतताना मोरीत पुन्हा उलटी.

दुकानात एका बाईने वरच्या फळीवरचं करड्या कापडाचं गाठोडं पाहिलं. छान पोत आहे म्हणाली, मिळेल का? विकाऊ नाही म्हटलं. तिने नाक मुरडलं. मी तिच्या ब्लाउजच्या बाह्या तिच्यासमोरच उसवायला घेतल्या.

२० सप्टेंबर

दादांच्या डोक्यात नवीन खूळ. मंडळीचा वर्धापनदिन तेरा ऑक्टोबरला आहे आणि त्या दिवशी संदेश द्यायला दरवर्षी दादाच उभे राहतात. म्हणाले, “तोपर्यंत मी बरा होणार. प्रभूने माझ्या मनात तसं घातलंय.”

“डॉक्टरांच्या मनात घातलं असतं तर बरं झालं असतं,” मी म्हटलं.

“तुझी जीभ फार वाईट आहे रे.”

“माझं नाकही वाईट झालंय, तुमच्या कृपेने.”

हसले. पण पाळकांना फोन करून सांगूनही टाकलं की येतो. विषय कोणता? तर ‘परमेश्वराची वाट पाहणे’. उताणं झोपता येत नाही, खुर्चीवर बसता येत नाही, आणि देवाला तारीख देऊन वाट पाहण्यावर बोलणार. मला अक्षरशः वीट आला.

२६ सप्टेंबर

तोंड लहान झालंय. पट्टी आत जाता जात नाही, चिमटा कडेला लागला की दादा कळवळतात. कडा दोन्ही बाजूंनी छान गुलाबी, अगदी सरळ. दोन बोटांनी जवळ आणल्या तर एकमेकींना बरोबर मिळतात. कापड असतं तर इथं तुरपाई सुंदर बसली असती.

आमची सिस्टर रजेवर गेली आहे. तिच्या जागी आलेल्या मुलीने लांबूनच पाहिलं, “मस्त,” म्हणाली आणि फोनवर बोलायला गेली.

२९ सप्टेंबर

आज पट्टी आत भरली नाही. नुसती तोंडाशी ठेवली, दोन्ही कडा जवळ ओढल्या आणि वरून चिकटपट्टी लावली. आडव्या पट्ट्या, एकसारख्या अंतरावर. दादांना दुखलं नाही. मलाही आत बघावं लागलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा मला नीट जेवण गेलं.

दादा म्हणाले, “बघ. मी सांगत होतो.”

खरं सांगायचं तर काम देखणं झालं आहे. डॉक्टरांनाही असं जमलं नसतं.

३ ऑक्टोबर

मिटली. एक रेघ राहिली आहे फक्त. पू नाही, वास नाही. दादा कुशीवर टेकून थोडा वेळ बसले आणि संदेशाची टिपणं काढायला लागले. आमेनबाई आली, देवाचे आभार मानले, माझेही मानले. पाठ दाखवा म्हणाली. दादा म्हणाले, बांधलेलं आहे. ताकास तूर लागू दिली नाही.

६ ऑक्टोबर

मंडळीत आज दादांच्या पाठीसाठी उपकारस्तुती, म्हणजे आभाराची प्रार्थना, झाली म्हणे. पाळकांनी उभं राहून सांगितलं की उपदेशक बरे झाले, पुढच्या रविवारी आपल्यात असतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा दिवसभर खुशीत. मात्र जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले.

९ ऑक्टोबर

दादा चिडचिड करतात. चहा गोड नाही, उशी कडक आहे, माझ्या मशीनचा आवाज डोक्यात जातो. मशीन रस्त्यापलीकडे दुकानात असतं, घरात नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, तरी जातो.

मी म्हटलं, बघू द्या. नको म्हणाले. चांगलं चाललेलं उगाच उकरू नकोस. मलाही उकरायची हौस नव्हतीच.

११ ऑक्टोबर

संध्याकाळी दुकानातून आलो तर खोलीत तोच वास. आधीपेक्षा दहापट. दादा चादर चावत पडलेले, अंग भट्टीसारखं तापलेलं. माझ्या त्या देखण्या रेघेच्या बाजूचं कातडं काळंनिळं, फुगलेलं, ताणून चकचकीत झालेलं. बोट लावलं तर दादा ओरडले. आयुष्यात त्यांना ओरडताना मी ऐकलं नव्हतं.

रिक्षात ते माझ्या मांडीवर पालथे. वाटेत ते फुटलं. माझी पँट, सीट, पायपुसणं सगळं भिजलं. रिक्षावाला शिव्या देत होता आणि मला त्या गोड वाटत होत्या, कारण त्या मलाच होत्या.

१२ ऑक्टोबर

पुन्हा कापलं. भोक आता पहिल्यापेक्षा मोठं आणि आत एका बाजूला बोगद्यासारखं शिरलेलं. डॉक्टर म्हणाले, साखर अशीच राहिली आणि हे रक्तात उतरलं तर माझ्या हातात काही नाही. असं ते सहज म्हणाले, पेन खिशाला लावत.

सिस्टर रजेवरून आली आहे. चिकटपट्टीच्या खुणा तिने पाहिल्या. “हे कुणी केलं?”

“मी.”

“कशासाठी?”

काय सांगणार? कोट शिवताना आधी आतलं, मग अस्तर, मग वरचं. अस्तर घातल्याशिवाय वरची शिवण बंद करणाऱ्या कारागिरांना मी दुकानातून हाकललेलं आहे. आणि भावाच्या अंगावर मी तेच केलं, कारण मला आत बघायची किळस होती. आज मला माझ्या हातांची किळस येते. साबणाने दोनदा धुतले.

१३ ऑक्टोबर

वर्धापनदिन. दादा दवाखान्यात पालथे. त्यांच्या जागी पाळक बोलले असतील. आम्ही दोघांनीही त्या विषयाला हात घातला नाही.

१८ ऑक्टोबर

घरी आणलं. ताप उतरला आहे, पण पुन्हा चढला तर ताबडतोब घेऊन या असं सांगून ठेवलंय. त्यामुळे दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावतो. लोक भेटायला आले तर दादा झोपेचं सोंग घेतात. आज मी सलाइन ओतलं आणि ते सुरू करतील म्हणून थांबलो. काही नाही.

“म्हणा की तुमचं ते. बाबांचं.”

“तू तुझं काम कर.”

शांततेत किती वेळ गेला ते कळेना. ओढली. लवकर ओढली. रक्त आलं.

२० ऑक्टोबर

कालही तसंच. आज मी म्हटलं, “दादा, मला त्याशिवाय वेळ कळत नाही. तुमच्या श्रद्धेचं काय व्हायचं ते होऊ दे, पण मांस माझ्या हाताने निघतंय.”

“माझ्याजवळ आता काही नाही रे,” ते उशीत तोंड ठेवूनच म्हणाले. “मी देवाला बोललो, बाबा रे, एवढं सगळ्यांना सांगितलंय, माझी लाज तरी राख. त्याने काय केलं ते तू पाहिलंस.”

“त्याने नाही, मी केलं.”

“तू कशाला मध्ये पडतोस?”

मग मीच म्हटली. दुसरा उपाय काय? तोंडपाठ आहेच. हे बापा, दिवस तुझा आहे. आमचे हात तुझे आहेत. हातांपाशी जीभ अडखळली, माझे हात त्या क्षणी कुठे होते ते आठवून. ते पुढे गेलेल्यांचं वाक्य मात्र गाळलं. ते मी म्हणत नाही. दादांनी चूक दाखवली नाही. शेवटी पट्टी सुटली.

वेळ मोजायला म्हटली, एवढंच इथं लिहून ठेवतो.

२५ ऑक्टोबर

आज सलाइन ओतल्यावर दादा एकदम म्हणाले, “तुला वास येतो ना रे?”

“सवय झाली.”

“खोटं बोलू नकोस. तुला उलट्या होतात ते मला ऐकू येतं.” मग त्यांनी उशी सारखी केली. “तुझी बायको आजारी होती तेव्हा मी यायचो. बसायचो दोन मिनिटं आणि म्हणायचो, परमेश्वराची वाट पाहा. आठवतं?”

मी चिमटा धरून उभा.

“मला तिथून निघायचं असायचं. वास सहन होत नव्हता मला. ते वाक्य म्हटलं की उठता यायचं. बाकी काही नव्हतं माझ्या मनात. वाट पाहणं कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं.”

मला काय वाटलं? भांडं त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. तिच्या चादरी मी धूत होतो तेव्हा हा माणूस रुमालाने नाक झाकून दाराकडे बघत होता, आणि मी ते देवाचं वचन समजून वर्षानुवर्षं देवावर चिडून बसलो. शी. एवढी किळस मला या जखमेचीही आली नव्हती.

पट्टी सुटली होती. हातात काम होतं. धुतलं, तळापर्यंत भरलं, बोगद्यात टोक घातलं. दादा रडत होते बहुतेक, उशीमुळे दिसलं नाही. दुखत असेल.

बाहेर येऊन दुकान उघडलं. दिवसभर एकही टाका सरळ पडला नाही.

२६ ऑक्टोबर

सकाळी उठलोच नाही. पडून राहिलो. जाऊ नये असं मनात पक्कं होतं. करू दे त्याला त्याचा देव. दुसऱ्या खोलीतून दादांनी हाक मारली नाही. एकदाही नाही. वेळ टळून गेली तरी नाही.

ते काही मला सहन होईना. गेलो तर पालथे पडून वाट बघत होते. कुणी येईल की नाही याची खात्री नसलेला माणूस कसा पडतो ते मी आज पाहिलं. मी म्हटलं, “उशीर झाला.” ते म्हणाले, “आलास.” झालं.

सिस्टरसाठी: पू थोडा. तळाशी लाल दाणेदार मांस दिसतं. तिने सांगितलं होतं तसं.

७ नोव्हेंबर

ताप नाही. साखर आटोक्यात. बोगदा भरत आलाय, चिमट्याचं टोक आता लवकर अडतं. सिस्टरने बघून मान हलवली. मी म्हटलं, बरी आहे ना? ती म्हणाली, चाललंय. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. माझा जीव भांड्यात पडला.

दादांना बसायचं आहे. म्हणून फोम कापून मध्ये गोल मोकळी जागा ठेवून उशी करायला घेतली. खोळीसाठी कापड शोधताना फळीवरचं ते करडं गाठोडं खाली काढलं. हिचा कोट. माप घेतलं होतं, कापला होता, कच्ची शिलाईही घातली होती. एक बाही लावायची राहिली होती तेव्हा ती अंथरुणाला खिळली. कापडाला नुसता धुळीचा वास. पुन्हा बांधून वर ठेवलं. उशीला पडद्याचं कापड लावलं.

१० नोव्हेंबर

पाळक आले. दादांचं आजारपण मंडळीपुढे साक्ष म्हणून यायला हवं, लोकांना आधार वाटेल, म्हणाले. मला वाटलं आता पुन्हा ते पाठीचं नाटक सुरू. दादा म्हणाले, “पुढच्या रविवारी येतो. पण बरा झालो असं आधी जाहीर करू नका.”

पाळक गेल्यावर मला म्हणाले, “उशी घेऊन तू येशील का? मला ती उचलून चालता येत नाही.”

तेवढ्यापुरता येईन म्हटलं.

१७ नोव्हेंबर

गेलो. बाकांना नवीन पॉलिश, त्याचा उग्र दर्प. पेटी वाजवणारा अजूनही तीच चूक करतो. मी उशी दादांच्या खाली सरकवली आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर येऊन बसलो, निघायला सोपं पडावं म्हणून. लोक वळून वळून बघत होते.

दादा उभे राहिले. टिपणं नव्हती.

“तुम्ही माझ्या पाठीसाठी प्रार्थना केलीत,” ते म्हणाले. “माझ्या पाठीला काही झालेलं नव्हतं. मला बसायच्या जागेला गळू झालं होतं. लाज वाटली म्हणून पाठ सांगितली.”

एक पोरगी फिसकन हसली. तिच्या आईने तिला चिमटा काढला आणि मग स्वतःच तोंडावर पदर घेतला.

“तुम्ही उपकारस्तुती केलीत तेव्हा आत पू साचत होता. वरून मिटलं होतं. मला तारीख गाठायची होती. डॉक्टर म्हणतात, जखम आत्ताही पूर्ण भरलेली नाही. मला वाट पाहायला येत नाही. रोज सकाळी पालथं पडून शिकतो आहे. जो शिकवतो त्याला ते माहीत नाही.”

देवाविषयी बोलत असावेत. खाली बसले.

आमेनबाई सगळ्यांच्या नंतर आमेन म्हणाली, तेही हळू. बाहेर पडताना ती माझ्याकडे आली. आता वाट पाहा म्हणेल म्हणून मी दात आवळले. तिने विचारलं, “भाऊ, पट्ट्या धुवायला पाठवू का कुणाला?” पट्ट्या धूत नाहीत, फेकतात, मी म्हटलं. मग म्हटलं, चादरी असतात. तर ती म्हणाली, उद्या येते.

खरंच येईल की काय.

१८ नोव्हेंबर

आली. चादरी धुतल्या. मोरीत तिलाही उलटी झाली. तोंड पुसून पुन्हा धुवायला बसली. तिचं नाव बदलावं लागणार.

२६ नोव्हेंबर

दवाखान्यात गेलो. सिस्टरने नळी, चिमटा सगळं घालून पाहिलं. तळ वर आला आहे. आत भरायला जागाच नाही. “आता पट्टी आत घालायची नाही. वरून कोरडं झाकायचं, बस्स.” मी दोनदा विचारलं, नक्की? वरूनच मिटलं नाहीये ना? तिने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच हसली. म्हणाली, “नाही. खालून.”

वही दाखवू का विचारलं. नको म्हणाली, आता काय करायची.

२७ नोव्हेंबर

आता ही वही लिहायचं कारण उरलेलं नाही. तरी आजचं लिहितो.

सकाळी नेहमीच्या वेळी पाणी उकळलं, हात धुतले, भांडं घेऊन खोलीत गेलो. दादा पालथे होऊन पडले होते. दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की आज ओतायचं काही नाही आणि सुटायचंही काही नाही. मी भांडं धरून तसाच उभा. मूर्खासारखं वाटलं.

दादा म्हणाले, “सुरू कर.”

“कशाला? वेळ मोजायचा नाहीये आता.”

“कर.”

सवय आहे, म्हणून केली. हे बापा, दिवस तुझा आहे. आमचे हात तुझे आहेत. घरात आहेत त्यांना सांभाळ. घराबाहेर आहेत त्यांना परत आण. इथं मी रोज उडी मारून ‘अर्धं राहिलं’वर जातो. आज उडी मारता येईना आणि वाक्यही तोंडातून निघेना. पुढे गेले, एवढे दोन शब्द आले, पुढचे नाही.

दादा ते वाक्य पुरं करतील असं वाटलं. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं म्हणता येतं. त्यांनी नाही केलं. उशीत तोंड ठेवून पडून राहिले. घाई कर म्हणाले नाहीत, राहू दे म्हणाले नाहीत. भांड्यातलं पाणी गार झालं. दुकान उघडायची वेळ झाली, ती टळून गेली. रस्त्यावर कुणीतरी माझ्या बंद शटरवर थाप मारून गेल्याचं ऐकू आलं.

दादा थांबले होते. मीही थांबलो.

शेवटी मीच म्हटलं, “आज नाही होत दादा.”

“बरं,” ते म्हणाले. “उद्या इथूनच घेऊ.”

दुकानात आल्यावर फळीवरून करडं गाठोडं खाली काढलं. एक बाही लावायची आहे.